उपग्रह साक्ष देत नाही

‘उपग्रहाने आरोपीची गाडी त्या रात्री घाटात पाहिली’, अशा धर्तीची वाक्ये खटल्यांच्या बातम्यांत सर्रास भेटतात. ही वाक्ये समूळ चुकीची आहेत, आणि त्यांकडे वकिलांच्या आधी भाषेच्या माणसांनी बोट दाखवायला हवे होते, असे आमचे मत आहे. ‘हा तांत्रिक विषय’ म्हणून मराठी विभागांनी हात झटकणे आम्हांला मान्य नाही.

जीपीएसचा उपग्रह कोणालाही पाहत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तो केवळ वेळ आणि स्वतःचा ठावठिकाणा प्रसारित करतो. किमान चार उपग्रहांचे संकेत घेऊन गाडीत बसवलेले यंत्र आपले स्थान गणिताने काढते, मोबाइलच्या जाळ्यावरून ते कंपनीच्या सर्व्हरकडे धाडते, आणि तिथले सॉफ्टवेअर त्याची नकाशावर रेघ ओढते. न्यायाधीशांपुढे येते ती इतक्या हातांतून गेलेली छापील प्रत. लेखनिक आणि संपादक दोघेही तिच्यात वावरून गेलेले असतात. जुन्या पोथ्यांवर काम केलेल्याला हे वेगळे सांगायला नको.

लेखनिकाचे प्रताप पाहा. उंच इमारतींच्या दाटीत संकेत भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात आणि स्थान सरकते. रेघ डांबरावरच दिसावी म्हणून पुष्कळ प्रणाल्या प्रत्येक बिंदू जवळच्या रस्त्यावर नेऊन बसवतात; महामार्ग आणि त्याला लगटून जाणारा सेवारस्ता यांपैकी गाडी कोणत्या रस्त्याने गेली, हे मग सॉफ्टवेअर ठरवते. दोन नोंदींमधली मोकळी जागा नकाशावर सरळ रेषेने भरली जाते. यालाच आपण प्रक्षेप म्हणतो! कच्च्या नोंदीतली वेळ बहुधा जागतिक घड्याळाची असते, त्यामुळे आपल्याकडे रात्री १ वाजता घडलेली गोष्ट तिथे आदल्या तारखेला १९:३० अशी पडते. शिवाय जीपीएसची आठवड्यांची मोजणी १,०२४ नंतर शून्यावर येते. एप्रिल २०१९ मध्ये ती तशी आली, तेव्हा काही जुनी यंत्रे जवळजवळ वीस वर्षे मागची तारीख दाखवू लागली.

कायदा यातले काय तपासतो? अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात (जालन्यातला उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हा त्यातला मूळ वाद, म्हणजे तिथेही घड्याळच) सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र सक्तीचे असल्याचे पक्के केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने ती अट राखली, आणि तज्ज्ञाची सही व हॅश मूल्य यांची भर घातली. हे चांगलेच झाले. पण संगणक नीट चालत होता आणि प्रत मुळाबरहुकूम आहे, एवढेच हे प्रमाणपत्र सांगते. नीट चालणारा संगणकही बिंदू शेजारच्या रस्त्यावर सरकवतोच, कारण त्याला तसेच सांगितलेले असते. पुरावा दाखल होणे आणि तो विश्वसनीय ठरणे या दोन पायऱ्या आहेत. व्यवहारात पहिली चढली की दुसरी चढल्याचाच भास होतो.

डेन्मार्कने २०१९ मध्ये याची किंमत मोजली. तिथे प्रश्न गाड्यांचा नव्हता, मोबाइलच्या ठावठिकाण्याचा होता; कच्च्या नोंदींचे रूपांतर करताना पोलिसांच्या सॉफ्टवेअरने काही नोंदी गाळल्याचे उघड झाले, अशा नोंदींचा वापर थांबवावा लागला आणि दहा हजारांहून अधिक प्रकरणे पुन्हा तपासायला घ्यावी लागली.

म्हणून सगळ्याच नोंदी केराच्या टोपलीत टाका, असे म्हणणाऱ्यांशीही आमचे जमत नाही. प्रती भ्रष्ट झाल्या म्हणून एकनाथांनी ज्ञानेश्वरी टाकून दिली नाही. १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. मोकळ्या आकाशाखाली चांगले यंत्र काही मीटरांच्या आत स्थान सांगते, आणि माळावर दोन तास उभ्या असलेल्या गाडीची नोंद भक्कमच असते. मात्र अॅपमधले चित्र, कंपनीचा अहवाल आणि पोलिसांचा नकाशा हे तीन साक्षीदार म्हणून मोजले जातात, तेव्हा आम्हांला हसू येते. एका पोथीवरून उतरवलेल्या तीन पोथ्यांना कोणता संपादक तीन मते देईल? टोलनाक्याची फास्टॅग नोंद मात्र खरोखर दुसरी परंपरा आहे. ती जुळते का, हे विचारावे.

आरोपी बहुधा पगारी चालक असतो. गाडी मालकाची, नोंद कंपनीची आणि नकाशा पोलिसांचा. न सरकवलेले बिंदू, नोंदींमधले अंतर आणि संकेताची प्रत दाखवणारे आकडे यांसह कच्ची नोंद त्याच्या वकिलाला मिळालीच पाहिजे, आणि तीही आरंभीच; सर्व्हरवरच्या जुन्या नोंदी कोणी कायम जपून ठेवत नाही.