पट्टी जरा खाली घ्या, बुवा

मालवण ते आचरा या किनाऱ्यावरच्या कुठल्याही वाडीत एकादशीच्या भजनाला जाऊन बसा. पेटीवर तरणा बुवा, पखवाजावर त्याच्याच वयाचा पोरगा आणि मागे भिंतीला टेकून आम्ही म्हातारे. हातात टाळ, तोंडं मात्र मिटलेली. बघणाऱ्याला वाटतं, वय झालं, आवाज गेला. आवाज कुठेही गेलेला नाही. बुवाने काळी चारची उंच पट्टी धरली आहे, एवढंच.

मी एसटीत कंडक्टर होतो. डबल बेल मारून आणि थांब्यांची नावं ओरडून आवाज कमावला, आणि पन्नाशीपर्यंत काळी चारला कोरस धरत होतो. आता वरच्या सा जवळ गेलं की खोकला येतो. काळी एकला मात्र अजून पूर्ण अभंग निघतो, तोही माईकशिवाय. माझ्या शेजारी बसणाऱ्या तात्यांनी मागच्या एकादशीला बुवाला सांगून बघितलं, "बुवा, जरा खाली घे रे, आमचो दम पुरत नाय." बुवा हसला नि म्हणाला, "तात्यानू, पेटी उतरात, पण पखवाज उतरूचो नाय."

त्यात तथ्य आहे. स्केल चेंजर पेटीची पट्टी बदलायला दोन क्षण पुरतात. पखवाजाचं तसं नाही. गठ्ठे ठोकून तो एखाद-दुसरी पट्टी वरखाली होतो. त्याहून जास्त उतरवलात तर शाईच्या अंगाची वादी सैल पडते आणि थाप बसकी येते. खालच्या पट्टीला मोठ्या तोंडाचा, वेगळाच पखवाज लागतो. बहुतेक मंडळांकडे पखवाज एकच, आणि तो डबलबारीच्या हिशेबाने घेतलेला. डबलबारीवर माझा राग नाही. दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना पेचात धरतात, तेव्हा पहाटेपर्यंत जागणाऱ्यांत मीही असतो. पण ती ऐकायची गोष्ट. वाडीचं भजन गायची गोष्ट आहे, आणि तिथेही डबलबारीची पट्टी घुसल्यापासून आम्ही घरच्याच भजनात पाहुणे झालो.

यात एवढं काय बिघडलं, असं मुंबईच्या वाचकाला वाटेल. सिंधुदुर्गाची 2001 च्या जनगणनेतली लोकसंख्या 8 लाख 68 हजार होती, 2011 मध्ये ती 8 लाख 49 हजारांवर आली. दर हजार पुरुषांमागे 1036 बायका. म्हणजे कमावते हात मुंबई-पुण्याला किंवा गोव्यात, आणि घरात म्हातारी माणसं. गणपतीत घरोघर भजन होतं, काळ्या वाटाण्याची उसळ नि पाव खाऊन मंडळी पुढच्या घरी जातात, तेव्हा वाडी भरलेली असते. विसर्जन झालं की चाकरमानी कोकणकन्या नाहीतर तुतारी पकडतात, आणि संध्याकाळी सातनंतर बोलायला टीव्ही उरतो, नाहीतर भजन.

सप्ताहाचं उदाहरण घ्या. अखंड सप्ताहात नाम खंडता कामा नये, म्हणून वाड्यांना पहारे वाटून दिलेले असतात. आमच्या वाडीचा रात्री दोन ते चारचा पहारा वर्षानुवर्षं म्हाताऱ्यांकडे आहे. भक्तीपेक्षा त्याचं कारण झोप. ती आम्हाला तशीही येत नाही. एरवी त्या वेळी माणूस छपराकडे बघत औषधाच्या गोळ्या मोजतो. सप्ताहात तोच माणूस कानटोपी घालून, हातात बॅटरी घेऊन, कुत्र्यांना हाकलत देवळाकडे निघतो, कारण तो गेला नाही तर पहारा पडेल. गुडघ्यांची तक्रार असते, पण ती चारनंतर. त्या पहाऱ्याला तरणा बुवा नसतो. ज्याला जमेल तो पेटी धरतो, पट्टी आपोआप खाली येते, आणि दिवसा गप्प असणारी सगळी तोंडं उघडतात. आमच्यातले दोघे-तिघे गिरणगावातल्या चाळीत भजन शिकलेले, 1982 च्या संपानंतर गावी परतलेले. त्यांच्या जुन्या चाली आता फक्त त्या दोन तासांतच ऐकायला मिळतात.

हे फक्त आमच्याकडचं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत ज्येष्ठांच्या बारा केंद्रांत गाण्याचे गट करून अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. 390 माणसं होती. सहा महिन्यांनी गाणाऱ्यांचं एकटेपण कमी झालेलं दिसलं, जगण्यात रस वाढलेला दिसला. स्मरणशक्ती आणि पायांची ताकद यांत मात्र फरक पडला नाही. मला हा प्रामाणिकपणा आवडला. "भजन करा, बीपी घालवा" असे मेसेज फिरवणाऱ्यांनी तो वाचावा. बीपीची गोळी मी घेतोच, आणि भजनाला जातो ते गोळी चुकवण्यासाठी नव्हे.

आमच्यासाठी काही करायचं म्हटलं की लोकांना सत्कार सुचतो. शाल, श्रीफळ, खुर्ची, फोटो. शाली माझ्याकडे कपाटभर आहेत, आणि मालवणात माणसाला नारळ देणं म्हणजे काय ते सांगायला नको. गोव्यात कला अकादमीच्या भजन स्पर्धेत पुरुष, महिला, बाल असे गट असतात. उद्या कुणी इथे ज्येष्ठांची स्पर्धा काढतो म्हणाला तर मी लांबूनच हात जोडीन. आम्हाला नंबर नको, पहारा हवा.

2025 च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर राज्य सरकारने 1800 भजनी मंडळांना प्रत्येकी 25 हजार रुपयांचं अनुदान जाहीर केलं, साहित्य घेण्यासाठी. असे पैसे हातात आले की पहिला विचार स्पीकरचा होतो, हे मी बैठकांना बसून सांगतो. त्याआधी खालच्या पट्टीचा एक पखवाज घ्या. पट्टीचा विचार बायकांसाठीही करायला हवा. वाडीतल्या सत्तरीच्या काकी फुगडीची गाणी अंगणात खणखणीत म्हणतात आणि देवळात पेटी सुरू झाली की पदर सावरून नुसत्या बसतात. वयानुसार त्यांचाही आवाज खाली आलेला असतो, पण पट्टी ठरवताना त्यांना विचारतो कोण?

बुवांचं म्हणणं, खालच्या पट्टीत रंग चढत नाही, पोरं उठून जातात. बरं, मग वाटणी करू. नमन, रूपाचा अभंग आणि पहिले दोन अभंग आमच्या पट्टीत, मोठ्या पखवाजावर. पुढे गवळण आणि गजर तुमचे. काळी चार घ्या नाहीतर काळी पाच घ्या. तोवर आमची चहाची वेळ झालेली असते.