गोळी, धार आणि चहा

परवा संध्याकाळी मंचरच्या मार्केट यार्डाबाहेर तरकारीच्या गाडीवर ओळखीच्या एक वहिनी भेटल्या. कोबीचा गड्डा उचलला आणि पुन्हा ठेवला. "भाऊ, मला बंद आहे. थायरॉईड निघालंय." कोबी बंद, फ्लॉवर बंद, बाजरीची भाकरीही बंद. "आणि गोळी?" "घेते की रोज. पहाटे धार काढून आले की चहाबरोबर."

म्हणजे नको ते सुटलं आणि नको ते धरलं!

गोळीतलं थायरॉईडचं संप्रेरक लहान आतड्यात शोषलं जातं. दुधाचा चहा, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी आड आली, की त्यातलं बरंच वाया जातं. जंतूही आड येतात. 2006 साली इटलीतल्या डॉक्टरांना दिसलं, की जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी शिरला की गोळी चालू असूनही टीएसएच, म्हणजे संप्रेरक कमी पडल्याची रक्तातली खूण, वाढतो आणि जंतू गेला की बराचसा उतरतो. आतड्यातले काही जिवाणू उलट मदतीचे. यकृत संप्रेरकाला गाठ मारून पित्तातून आतड्यात सोडतं. हे जिवाणू ती गाठ सोडवतात आणि थोडं संप्रेरक पुन्हा रक्तात जाऊ शकतं. हे मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. तेवढ्यावर 'पोट साफ करा, थायरॉईड पळवा' म्हणत पावडरी विकणाऱ्यांच्या नादी लागून गोळी सोडू नये.

मग कोबीचं काय? त्यातली काही द्रव्यं आयोडीनला अडवतात, पण शिजवल्यावर त्यांचा जोर बराच कमी होतो. बाजरीवरचा आळ सुदानमधल्या दारफूरचा. तिथे बाजरी खाणाऱ्यांत गलगंड आढळला, पण तिथल्या अन्नात आयोडीनही कमी होतं. आपल्याकडे खाण्यासाठी आयोडीनयुक्त मीठच विकायचं, असा नियम 2006 पासून आहे. ते मीठ घरात असेल, तर शिजवलेल्या भाजीला आणि बेताच्या भाकरीला भ्यायचं कारण नाही.

उलट आतड्यातल्या जिवाणूंसाठी भाकरी हवीच. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्या चमूने भारतीयांच्या आतड्यांतले जिवाणू तपासले, तेव्हा प्रिव्होटेला हा जिवाणू भरपूर सापडला. धान्य आणि चोथा हे त्याचं आवडतं खाणं. भाकरी सोडली तर आधी तोच उपाशी.

वहिनींना एवढंच सांगितलं: उठल्याबरोबर पाण्याबरोबर गोळी, मग गोठा. शेणकूट, वैरण, धार आटपेपर्यंत तासभर जातोच, मग चहा. लोह-कॅल्शियमची गोळी असेल तर चार तासांनी. डोस मात्र डॉक्टरांना विचारूनच बदलायचा.

वहिनींनी गड्डा पिशवीत टाकला.