फर्माईश करावी कशी?

गाणारा एका बंद खोलींत बसून गातो आणि ऐकणारा शेंकडों मैलांवर आपल्या माजघरांत बसून ऐकतो, ही गोष्ट आतां कोणालाहि नवलाची वाटत नाहीं. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, त्याला शतक भरत आलें. परंतु या सोयीपायीं आपल्या संगीतांतील एक जुना व्यवहार मोडला, आणि तो नव्या रूपानें कसा सांधावा याचा विचार पुष्कळ रसिक कुटुंबांनीं केलेला दिसत नाहीं. हा व्यवहार म्हणजे गवई आणि श्रोता यांच्यामधील देवघेव.

बैठकींत एखादी जागा सुंदर आली कीं समोरून दाद जाते. त्या दादेनें गवयाला हुरूप येतो आणि तीच जागा तो निराळ्या अंगानें पुनः घेतो. कोणी जाणता गृहस्थ अमुक राग व्हावा अशी विनंती करितो, व गवई प्रसन्न असल्यास ती पुरवितो. तबल्यांत तर 'फर्माइशी चक्रदार' या नांवाचा रचनाप्रकारच आहे. श्रोत्याच्या मागणीला आपल्या कलेंत केवढा मान होता हें त्यावरून दिसून येईल. रंगभूमीवर मात्र या मागणीला कांहीं धरबंध राहिला नाहीं. बालगंधर्वांच्या काळीं 'वन्स मोअर'च्या आरोळ्यांनीं नाटकें उत्तररात्रीपर्यंत लांबत, आणि कथानक बिचारें पदांच्या मागें ताटकळत उभें राही!

नभोवाणीनें या देवघेवीचा धागाच तोडला. तांबडा दिवा लागला कीं गावयाचें, आणि घड्याळाचा कांटा ठरल्या जागीं आला कीं थांबावयाचें. समोर डोलणारी मान नाहीं, 'वाहवा' नाहीं. थेट प्रक्षेपणांत तर हातून निसटलेला स्वर परत घेण्याचीहि सोय नसते. अशा स्थितींत श्रोत्याचें पत्र हीच काय ती दाद. तीहि आली नाहीं, तर आपलें गाणें कोठें पोहोंचलें कीं हवेंत विरलें, हें गवयाला कळावें कसें?

श्रोत्यांची रुचि न पाहतां वरून निर्णय घेतले म्हणजे काय होतें, याचीं दोन उदाहरणें बोधप्रद आहेत. मार्च १९४० पासून नभोवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली. ठराविक सुरांच्या या पेटींतून मींड निघत नाहीं व श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखवितां येत नाहींत, हा आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटा नव्हता. पण ज्या महाराष्ट्रांत गोविंदराव टेंब्यांसारख्यांनीं पेटीला बोलती केली, तेथें ती साथीला नसणें अनेकांना खटकत होतें. बंदी सैल होण्यास सुमारें तीस वर्षें लागलीं. दुसरें उदाहरण १९५२ नंतरचें. नभोवाणी खात्याचे मंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनीं शास्त्रीय संगीताला मानाचें स्थान दिलें. त्याच वर्षीं संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि थोर कलावंतांचें गाणेंबजावणें घरबसल्या ऐकण्याचा लाभ देशभर झाला. हें ऋण मोठें आहे. परंतु चित्रपटगीतें जवळजवळ बंद होतांच लोकांनीं कांटा सिलोनकडे वळविला, आणि तेथील कार्यक्रमांकडे हजारों पत्रें जाऊं लागलीं. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं 'विविध भारती' सुरू करावी लागली. हेतु उदात्त असला तरी रुचि हुकुमानें घडत नाहीं.

मग पत्रांच्या गठ्ठ्यावरच सर्व सोंपवावें काय? तेंहि योग्य नव्हे. तीन मिनिटांचें गीत मागणारे पुष्कळ. ख्याल मागणारे थोडे, आणि जे आहेत ते आळशी! आवडलें तर मान डोलावितात, न आवडलें तर यंत्र बंद करितात. पत्र मात्र लिहीत नाहींत. रसिकाचें मौन आणि लोकांची अनास्था यांतील भेद केंद्रचालकाला कसा समजावा? एखादी रात्रीची सभा बंद झाल्यावर हळहळण्यांत कांहीं अर्थ नाहीं.

फर्माईश करितांना पहिली गोष्ट पाहावी ती रागाच्या वेळेची. सकाळच्या सभेंत मालकंस मागूं नये. बैठकी बहुधा रात्रींच्या. त्यामुळें तोडी, सारंग, मुलतानी हे राग घरोघर कानांवर पडले ते नभोवाणीच्या सकाळ-दुपारच्या सभांनीं. आज संकट उलट बाजूनें आलें आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण-नियमांप्रमाणें रात्रीं दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास एरव्हीं मनाई आहे. मंडपांतील बहुतेक मैफली त्यामुळें लौकर आटोपतात, आणि दरबारीसारखा मध्यरात्रीचा राग त्याच्या वेळीं समक्ष ऐकण्याचा योग दुर्मिळ झाला आहे. नभोवाणीला हा अडसर नाहीं. तेव्हां मागावयाचे तर असेच राग आग्रहानें मागावे.

दुसरें, ठराविक चार मोठीं नांवेंच पुनःपुनः मागूं नयेत. नव्या कलावंताचें गाणें आवडल्यास त्याचें नांव आवर्जून कळवावें. तिसरें, अभिप्राय नेमका असावा. 'कार्यक्रम छान झाला' एवढ्यानें कोणाचेंच हित होत नाहीं. विलंबित रंगांत येत असतां वेळ संपली, तंबोरे ऐकूं आले नाहींत, तबल्याचा आवाज गळ्यावर चढला, असें स्पष्ट पण सौजन्यानें लिहावें. स्तुतीहि तशीच नेमकी असावी; कोणती जागा भावली तें सांगावें.

पूर्वीं घरांत एकच यंत्र असे व आजोबा-नातू एकच गाणें ऐकत. आज प्रत्येकाच्या हातीं यंत्र आहे, आणि २०१६ सालीं सुरू झालेली 'रागम्' ही शास्त्रीय संगीताचीच वाहिनी त्यावर ऐकावयास मिळते. सोय वाढली, पण प्रत्येकजण कानांत आपापलें गाणें घालून बसला. आमची सूचना अशी कीं, आठवड्यांतून एक सभा सर्वांनीं मिळून ऐकावी, आणि ती संपल्यावर घरांतील एखाद्या मुलाकडून वा मुलीकडून केंद्राला चार ओळी लिहवून घ्याव्या. आपल्याला लिहावयाचें आहे हें ठाऊक असलें म्हणजे मूल कान देऊन ऐकतें. गवयाला दाद पोहोंचेल, केंद्राला श्रोता जागा असल्याचें कळेल, आणि घरांत एक जाणता कान तयार होईल.