रक्तदानाच्या मांडवात आणखी एक टेबल

जे फाइनबर्ग या अमेरिकी तरुणाला 1991 मध्ये ऐन विशीत ल्युकेमियाने गाठले. अस्थिमज्जा घरात कुणाशीच जुळेना. पूर्वज पूर्व युरोपातले ज्यू. तिथली घराणीच्या घराणी नाझींनी संपवलेली. घरच्यांनी हातपाय गाळले नाहीत. ज्यू वस्त्यांमधून शिबिरे घेतली, हजारो लोकांची तपासणी केली, आणि 1995 मध्ये मिल्वॉकीच्या शिबिरात दाता सापडला. त्याच धडपडीतून ‘गिफ्ट ऑफ लाइफ’ ही दात्यांची नोंदणी संस्था उभी राहिली. इस्रायलच्या ‘एझर मिझियन’कडे आज दहा लाखांहून अधिक दाते आहेत, तिथे सैन्यात दाखल होतानाच तरुणांची नोंदणी होते.

समाजातच शोध का घ्यायचा? जुळावा लागतो तो रक्तगट नव्हे, एचएलए, म्हणजे पेशींचा गट. तो आई-वडिलांकडून निम्मा-निम्मा येतो. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. घरात नाही जुळला, तर आशा उरते ती मुख्यतः त्याच मुळाच्या माणसांत.

म्हणूनच आपल्या बेने इस्रायलींनी, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंनी, हे काम मनावर घ्यायला हवे. कोकणात पूर्वी तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले जाणारे हे लोक. आडनावे पेणकर, राजपूरकर, केहिमकर. त्यांच्यात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा वारसा असल्याचे 2016 च्या जनुकीय अभ्यासात दिसले. बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, इथे जेमतेम काही हजार उरले. तिकडच्या एखाद्या मराठी आजीच्या नातवाला युरोपीय वंशाचा दाता जुळणे अवघडच. अशा वेळी पुण्याच्या रास्ता पेठेतला, ठाण्यातला, अलिबागचा एकेक तरुण मोलाचा ठरतो. जीव वाचवण्यासाठी शब्बाथही, म्हणजे शनिवारचा पवित्र विसावाही, मोडावा, असे त्यांचा धर्म सांगतो. मग मलिद्याच्या विधीला जमलेल्या मंडळींत ही नोंदणी का होऊ नये?

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भांडगावात सिनेगॉग नाही, पण हिशेब तोच लागू होतो. दौंड-शिरूरच्या सोयरिकी पिढ्यानपिढ्या जातीत आणि पंचक्रोशीत जुळतात. इथल्या ऊसतोड कामगाराच्या लेकराचा दाता जर्मनीच्या यादीत सापडणे कठीण. तो इथेच कुठेतरी असण्याची शक्यता जास्त. जयंतीला गावोगाव रक्तदान शिबिरे होतातच. त्याच मांडवात आणखी एक टेबल मांडावे. ‘दात्री’सारखी संस्था 2009 पासून देशात हे काम करते. अठरा ते पन्नास वयाच्या निरोगी माणसाने अर्ज भरायचा, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, पाकीट बंद. झाली नोंदणी.

लोक बिचकतात ते ‘पाठीच्या कण्यातून पाणी काढतात’ या समजुतीने. कण्याला कुणी हात लावत नाही. बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शने देतात. मग एका हातातून रक्त यंत्रात जाते, मूळपेशी वेगळ्या होतात आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत येते. तीन-चार तासांचे काम. कधी कमरेच्या हाडातून मज्जा काढतात, तीही भूल देऊन.

खरा घोर वेगळाच आहे. दाता जुळतो, रुग्णाला जबर केमो देऊन त्याची स्वतःची मज्जा संपवली जाते, आणि त्याच वेळी दात्याच्या घरचे ‘नको’ म्हणतात. तसे झाले तर रुग्णाला माघारीची वाटच उरत नाही. म्हणून भांडगावच्या मांडवात पोराची काडी घेण्याआधी त्याच्या आईला, बायकोलाही शेजारी बसवून सगळे समजावून सांगावे, आणि त्यांची शंका फिटल्यावरच अर्जावर सही घ्यावी.