अंडीं घरींच उबवावींत

कोंबडी हा विषय आमच्या कित्येक वाचकांस या पानांवर येण्याइतका भारदस्त वाटणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. कपाशी, तूर, संत्रीं यांच्यापुढें खुराड्याची काय मातब्बरी! आमची सारी नोकरी महसुलांत गेली. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर विहीर येते, झाडें येतात, पिकाखालील क्षेत्र येतें. कोंबडीची नोंद मात्र कोठेंच होत नाहीं. शिवाय तिचा पैसा घरधन्याच्या हातीं न पडतां बहुधा गृहिणीच्या हातीं पडतो. कर्त्या पुरुषांचें तिकडे लक्ष नसण्याचें कारण यांतच असावें. परंतु या दुर्लक्षांत एक चांगली गोष्ट आमच्या खेड्यांतून मुकाट्यानें नाहींशी होत चालली आहे. ती म्हणजे घरचीं अंडीं घरच्याच कोंबडीखालीं उबवून पिल्लें काढणें. आज पिल्लें हवीं असलीं कीं शेतकरी एक दिवसाचीं पिल्लें विकत आणतो. आणि घरची कोंबडी खुडूक बसलीच तर तिला पाण्यांत बुचकळून, हुसकून पुन्हां अंडीं देण्यास लावण्याची खटपट करितो.

यांत बिघडलें कोठें, असें कोणी विचारील. सन २०२४ च्या मार्च महिन्यांत आमच्या नागपुरच्या सरकारी प्रादेशिक अंडी उबवणी केंद्रांत बर्ड फ्लूचा शिरकाव झाला. सुमारें साडेआठ हजार पक्षी मारावे लागले आणि हजारों अंडीं नष्ट करावीं लागलीं. सदरांत बसून ही बातमी वाचतांना आमच्या मनांत प्रथम आला तो प्रश्न हा कीं, ज्या गांवांनीं आपलीं पिल्लें अशाच एखाद्या ठिकाणाहून आणण्याचा परिपाठ ठेविला आहे, त्यांनीं त्या हंगामांत काय करावें? यांत आम्ही केंद्रास दोष देत नाहीं. रोग पाटी वाचून येत नाहीं. भारतांतील या रोगाची पहिली साथहि सन २००६ च्या फेब्रुवारींत आपल्याच महाराष्ट्रांत, नवापूर येथें, मोठमोठ्या कोंबडीफार्मांच्या दाट वस्तींत उद्भवली होती. जेथें पुष्कळ पक्षी एकत्र, तेथें नाशहि एकदम. ज्वारीचें सारें बियाणें एकाच कोठींत ठेवून तिची किल्ली परगांवीं देणाऱ्या कुणब्यास आपण शहाणा म्हणत नाहीं. मग कोंबडीच्या बियाण्याबद्दल निराळा न्याय कां?

याविरुद्ध मुख्य आक्षेप उत्पन्नाचा आहे, आणि तो खोटा नाहीं. गावरान कोंबडी वर्षाकाठीं साठ-सत्तर अंडीं देते. व्हाइट लेगहॉर्न जातीची तीनशेंच्या घरांत जाते. परंतु ती लेगहॉर्न खुडूक बसत नाहीं. निवडीनें तिचा तो स्वभावच काढून टाकला आहे. हैद्राबादच्या संशोधन संस्थेनें काढलेली ‘वनराज’ परसांत चांगली वाढते, हें आम्हांस मान्य आहे. तथापि ती संकरित असल्यामुळें तिच्या अंड्यांतून निघणारी पिढी आईबापांसारखी एकसारखी निघत नाहीं. म्हणजे दर वेळीं नवीं पिल्लें विकत आणणें आलेंच. ज्यास अंड्यांचा व्यापार करावयाचा आहे त्यानें तीं जरूर आणावींत. पण दहा संकरित कोंबड्यांबरोबर दोन-तीन गावरान खुडूक बसणाऱ्या कोंबड्या ठेवण्यास काय हरकत आहे?

उबवण दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंत करावी. मे महिन्यांत आमच्याकडे पारा ४५ अंशांवर चढतो, आणि साठवणीच्या खोलींत २७ अंशांहून अधिक उष्णता झाली कीं अंड्यांतील गर्भाची वाढ अर्धवट सुरू होऊन तो पुढें मरतो. उन्हाळ्यांत ‘अंडीं नासलीं, कोंबडीच वाईट’ असें म्हणतात, त्यांत पुष्कळदां कोंबडीचा कांहींएक अपराध नसतो! थंडीच्या दिवसांतहि उबवणीचीं अंडीं आठवड्याहून जुनीं नसावींत. तीं निमुळतें टोंक खालीं करून गार जागीं ठेवावींत. धुऊं मात्र नयेत. मळकीं अंडीं खाण्यास घ्यावींत.

पसरट टोपल्यांत तणसाची बैठक करावी आणि कोंबडीच्या पंखांत राख चोळावी, म्हणजे उवांनीं त्रासून ती मधेंच उठत नाहीं. दहा-बारा अंड्यांहून अधिक ठेवण्याचा लोभ धरूं नये. तिला रात्रीं बसवावें. ती दिवसांतून एकदां दाणापाण्यासाठीं उठते, तेवढा वेळ अंडीं थंड झाल्यानें कांहीं बिघडत नाहीं. सातव्या रात्रीं अंधारांत एकेक अंडें बॅटरीच्या उजेडावर धरून पाहावें. आंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर जीव आहे. स्वच्छ दिसलें तर तें वांझ समजून काढावें. एकविसाव्या दिवशीं पिल्लें निघतात. टवका उडाल्यावर पिल्लू बाहेर यावयास अर्धा दिवस किंवा अधिकहि लागतो. घाई करून कवच सोलूं नये, रक्त जाऊन पिल्लू मरतें.

ज्यांस यंत्राची हौस आहे त्यांस आम्ही नको म्हणत नाहीं. इजिप्त देशांत मातीच्या भट्ट्यांत अंडीं उबविण्याची विद्या दोन हजार वर्षांहून जुनी आहे, आणि तीं माणसें उष्णता आपल्या कातडीनें ओळखीत. आजच्या पेटींत ३७.५ अंश उष्णता ठेवावी लागते, पहिले अठरा दिवस अंडीं दिवसांतून निदान तीन वेळां फिरवावीं लागतात आणि शेवटचे तीन दिवस ओलावा वाढवावा लागतो. पेटींतील तापमापकावर विश्वासण्यापूर्वीं घरांतील ताप मोजण्याची नळी आंत ठेवून ताळा पाहावा. परंतु अवकाळी वादळांत तार तुटून वीज रात्रभर गेली तर पेटी थंड पडते. खुडूक कोंबडी पडत नाहीं.

रोगाची भीति घरींहि आहेच. साथ उद्भवल्यास एक किलोमीटरच्या आंतील घरच्या कोंबड्याहि मारल्या जातात. म्हणूनच एका गांवांत पुष्कळ ठेवण्यापेक्षां पुष्कळ गांवांत थोड्या ठेवणें आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटतें. आठवडी बाजारांतून आणलेला पक्षी पंधरा-वीस दिवस निराळा ठेवावा. मानमोडीची लस पिल्लांस पहिल्या आठवड्यांतच पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्यानें द्यावी. कोंबड्या एकाएकीं मरूं लागल्या तर त्या लपवून न विकतां तेथेंच कळवावें.

आमच्या संस्थेनें प्रत्येक गांवीं दोन-तीन घरें निवडावीं, त्यांनीं गावरान कळप शुद्ध राखावा, आठ-दहा कोंबड्यांमागें एक कोंबडा ठेवावा, आणि दर एक-दोन वर्षांनीं कोंबडे गांवोगांव बदलून घ्यावेत, अशी आमची सूचना आहे. उबवणीच्या अंड्यास खाण्याच्या अंड्याहून जास्त भाव ठरवावा, आणि तो ठरवितांना ज्या बायका हें काम करितात त्यांस बैठकीस बोलवावें. दसऱ्यास अंडीं मांडावयाचीं तर हें भाद्रपदांतच उरकलें पाहिजे.