पासवर्ड बदलला, फोनला पत्ताच नाही

आपल्या शहराचं नाव बदलायला केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजुरी दिली. रेल्वे स्टेशनचं नाव बदललं ऑक्टोबर २०२५ मध्ये. (त्या नावाबद्दलचं मत तूर्त बाजूला ठेवू.) निर्णय एका जागी होतो, पण जुनं नाव जागोजागी नोंदलेलं असतं. ऑनलाइन खात्यांचंही तसंच आहे.

"पासवर्ड बदलला, तरी जुन्या फोनवर मेल कसे येतात?" मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हणून हा प्रश्न मला मोहल्ल्यात नेहमी विचारला जातो. फोन दर वेळी पासवर्ड देत नाही. पहिल्यांदा लॉगिन झालं की सर्व्हर त्याला टोकन देतो. टोकन म्हणजे प्रदर्शनाचा पास समजा. दारावरचा माणूस पास बघतो आणि आत सोडतो. पास रद्द होईपर्यंत किंवा त्याची मुदत संपेपर्यंत तो चालतो. शिवाय आधी आलेले मेल, फोटो फोनमध्येच साठलेले असतात. फोन बंद असेल तर बदल त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकवर हल्ला झाला, तेव्हा चोरांनी पासवर्ड नव्हे, टोकनच पळवली. कंपनीने सुमारे ९ कोटी खात्यांची टोकन रद्द केली आणि तेवढ्या लोकांना पुन्हा लॉगिन करावं लागलं.

पास लांब मुदतीचे ठेवण्यात कंपन्यांची सोय आहे, आपलीही आहे. रोज लॉगिन करायला कुणाला आवडेल? माझी तक्रार वेगळी आहे. पासवर्ड बदलल्यावर काही सेवा बाकीचे फोन बाहेर काढतात, काही नुसतं विचारतात, आणि कुठली सेवा काय करते हे वापरणाऱ्याला कळत नाही. भाऊ मेसेज वाचतो म्हणून पासवर्ड बदलणाऱ्या मुलीला वाटतं, झालं, सुटले. ते खरं असेलच असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तर कुणी एकदा तुमचं खातं आपल्या लॅपटॉपला जोडलं, की तुम्ही पिन बदलून ते सुटत नाही. 'लिंक केलेली डिव्हाइस' उघडून स्वतः काढावं लागतं.

ही यादी सेटिंगमध्ये तीन-चार पायऱ्या खाली का? पासवर्ड बदलला की ती समोरच यायला हवी, मराठीत आणि उर्दूतही.

तोवर यादी स्वतः तपासा. पैठण गेटला फोन विकण्याआधी तर नक्कीच. एक लक्षात ठेवा: काढलेल्या फोनवर लॉगिनचं पान येतं, म्हणजे समोरच्याला कळतं. घरात ताण असेल तर आधी विश्वासातल्या कुणाला तरी सांगून ठेवा.