फुटलेल्या ताटाचा वक्फ

ईदच्या दिवशी घरकाम करणाऱ्या मावशींच्या हातून शीरखुर्म्याचा काचेचा वाडगा फुटला. त्यांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, मग तुकड्यांकडे. ते पाहताना मला इब्ने बतूताच्या सफरनाम्यातला दमिश्कचा एक प्रसंग आठवला.

हजसाठी घरून निघालेला बावीस वर्षांचा इब्ने बतूता १३२६ च्या रमजानमध्ये दमिश्कला पोहोचला. तिथल्या एका गल्लीत त्याने पाहिले, की एका लहान गुलाम मुलाच्या हातून चिनी मातीचे ताट पडून फुटले. लोक जमले. त्यातल्या एकाने त्याला तुकडे गोळा करायला लावले आणि भांड्यांच्या वक्फच्या मुतवल्लीकडे स्वतः नेले. तुकडे दाखवल्यावर तसेच ताट विकत घेता येईल एवढे पैसे मुलाला मिळाले. नाहीतर मालकाने त्याला मारले असते, निदान झापले तरी असतेच, असे इब्ने बतूता लिहितो.

वक्फ म्हणजे दुकान, बाग, हमामखाना अशी मिळकत अल्लाहच्या नावाने कायमची बांधून ठेवणे. ती विकायची नाही, वारसांत वाटायची नाही. उत्पन्न तेवढे ठरलेल्या कामी लावायचे. हजरत उमर (रजि.) यांनी खैबरची जमीन अशीच दिली होती. जकातीचे आठ खर्च कुरआनने ठरवून दिले आहेत, वक्फचे काम मात्र देणारा स्वतः ठरवतो. म्हणून दमिश्कमध्ये गरीब मुलींच्या लग्नाच्या साजासाठी वक्फ होते, कैदी सोडवण्यासाठी, मुसाफिरांच्या खाण्याकपड्यासाठी होते, रस्त्यांच्या फरसबंदीसाठीसुद्धा होते.

सगळेच वक्फ निव्वळ सवाबासाठी झाले, असे मी म्हणणार नाही. सुलतानाच्या जप्तीतून मिळकत वाचावी आणि मुलाबाळांच्या हाती राहावी, म्हणूनही अनेक अमीर वक्फ करत. शिवाय तो मुलगा पैसे घेऊन परत मालकाकडेच गेला असणार. गुलामांची सुटका हा तर जकातीच्या त्या आठ खर्चांपैकीच एक. मग तो गुलाम का राहिला, हा प्रश्न मला सोडत नाही.

तरीही भांड्यांच्या त्या वक्फचा विचार ज्याच्या मनात प्रथम आला, त्याने भुकेच्याही पलीकडचे काहीतरी पाहिले असावे. नोकराच्या पोटातली भीती कुठल्याच हिशेबात बसत नाही. आणि मुतवल्लीने मुलाला घरची हालत विचारली, कोणाची ओळख मागितली, असे इब्ने बतूताने कुठे लिहिलेले नाही. तुकडे दाखवले, पैसे मिळाले.